डाव्या तीरावरचे मुके भोंगे

१

भोंगे वाजले नाहीत हे भोंग्यांच्या कचेरीला सगळ्यांत शेवटी कळलं.

त्या गावाच्या मधोमध नदी होती आणि वरच्या अंगाला धरण. धरणाचं पाणी सोडायच्या आधी दोन्ही तीरांवरचे भोंगे वाजायचे, म्हणजे खालच्या गल्ल्यांतल्या माणसांना पोराबाळांसकट वर निघता येई. वर्षातून एकदा त्याचा सराव होई. त्या दिवशी उजव्या तीरावर भोंगे असे काही केकाटले की गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींखाली मांजरं शिरली. डाव्या तीरावर लोक कानांजवळ बोटं धरून खिडक्यांत उभे होते. त्यांच्याकडे पाण्यावरून कसला तरी पुसट आवाज आला, तेवढाच.

कचेरी होती टेकडीच्या पलीकडे. तिथं कुठल्याच तीराचा आवाज पोचत नसे. भिंतीवरच्या पॅनेलवर प्रत्येक भोंग्यासाठी एक चौकोन होता. सगळे चौकोन हिरवे झाले, प्रत्येकात ‘वाजला’ अशी अक्षरं आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॉफीचे पेले हातोहात फिरत होते, तोच फोन खणखणला.

“अहो ताई, सराव रद्द झाला का?”

“नाही हो, आत्ताच पार पडला.”

“मग आमचा अख्खा डावा तीर बहिरा झाला म्हणायचा!”

तो फोन जिनं घेतला ती कचेरीतली पडताळणी अभियंता. भोंग्याच्या खांबावर एक पेटी असते आणि त्या पेटीत तिला चालवणारं फर्मवेअर. त्याचं नवं पॅकेज आलं की ते तपासायचं आणि आपली सही घालूनच बाहेर सोडायचं, हे तिचं काम. आठवड्यापूर्वीच तिनं एक अपडेट सोडलं होतं. फोननंतर माणसं धावत डाव्या तीरावर गेली, एकेक भोंगा वाजवून पाहिला, तर एकजात सगळे खणखणीत. रात्रभर रडलेलं मूल डॉक्टर दारात आल्यावर हसावं तसं झालं.

मग नोंदी काढल्या. सराव संपता संपता डाव्या तीरावरच्या सगळ्या पेट्यांना कुणीतरी रीस्टार्टची आज्ञा दिली होती. आज्ञेवर नाव होतं तिचंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली आणि कचेरीच्या साहेबांनी दिलेला कागद पर्समधून काढून टेबलावर ठेवला. ‘मी पडताळणी न करता अपडेट सोडले व चूक झाकण्यासाठी उपकरणे पुन्हा सुरू केली.’ खाली सहीसाठी रेघ. चौकशी समिती शुक्रवारी बसणार होती. सही केली तर दुसऱ्या विभागात बदली, नाही केली तर बडतर्फी.

“करून टाक बाई सही,” तिचे वडील म्हणाले. “बदलीच आहे ना? मोकळी हो.”

“तू गप रे,” त्यांची थोरली बहीण म्हणाली. ही पोरीची आत्या. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तपासणीच्या टेबलावर काढलेली बाई. निवृत्त होऊन जमाना झाला तरी घरातलं दार करकरलं की कुठल्या बिजागरीचा आवाज आहे ते बसल्या जागी सांगायची. तिनं चष्मा लावून कागद वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

“पॅकेज तपासलं होतंस?”

“तपासलं होतं.”

“ती आज्ञा तू दिलीस?”

“नाही गं आत्या. मी तेव्हा पॅनेलसमोर उभी होते, सगळ्यांच्या देखत.”

“मग ह्या कागदावर तुझ्या सहीचं काम काय?”

“ताई, तुझं आपलं काहीतरीच,” वडील कळवळून म्हणाले. “पोरीची नोकरी जाईल.”

“नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण जिनं तपासल्यावाचून सही केली असं स्वतःच लिहून दिलंय, तिच्या सहीवर पुन्हा कोण विश्वास ठेवील? हिचं सगळं दुकानच त्या सहीवर चालतंय.”

पोरीनं कागद उचलला, घडी घालून पुन्हा पर्समध्ये टाकला. “शुक्रवारी हा कोराच परत देईन,” ती म्हणाली. “पण तू चल माझ्याबरोबर. जाणकार माणूस सोबत आणायची मुभा आहे.”

२

पडताळणीची खोली लहान होती. टेबलावर भोंग्याची एक पेटी, अगदी खांबावर असते तशी. फक्त तिला कर्णा नव्हता. कर्ण्याच्या तारांना एक पिवळा दिवा जोडला होता.

“इथं खरा भोंगा वाजवला तर सगळी इमारत जिन्यानं पळत सुटेल,” भाची म्हणाली. “म्हणून दिवा. दिवा पेटला की वाजला.”

तिनं सगळं पहिल्यापासून करून दाखवलं. पॅकेजचा चेकसम काढला. चेकसम म्हणजे पॅकेजमधल्या साऱ्या मजकुरातून निघणारा एक लांबलचक आकडा. वाटेत कुणी एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा बदलतो. तिनं सही करताना काढलेला, सर्व्हरवरचा, खांबावरच्या पेट्यांमधला, तिन्ही एकच निघाले. कुणी काही घुसडलं नव्हतं. मग तिनं टेबलावरच्या पेटीत जुनं फर्मवेअर घातलं, त्यावर नवं चढवलं, पेटी आपोआप पुन्हा सुरू झाली, आज्ञा दिली. दिवा लख्ख पेटला.

“पुन्हा,” आत्या म्हणाली.

पुन्हा पेटला. दुपारपर्यंत पेटतच राहिला.

“खांबावरच्या पेट्यांना विचारलंस?”

“विचारलं. सगळ्या म्हणतात, नवीच आवृत्ती आहे, प्रकृती उत्तम आहे.”

आत्याला एक्स्चेंजमधले दिवस आठवले. लांबच लांब हॉल, मेणाचा आणि तापलेल्या धुळीचा वास, आणि टेबलावर चिमुकल्या दिव्यांची आरास. दिवा सांगायचा लाइन ठीक आहे, आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या फोनवरून ओरडायचं की आमचा फोन मेलाय. नव्या मुली गोंधळून जायच्या. तिच्या हाताखालच्या मुलींना तिनं एकच सवय लावली होती. दिव्याकडे बघून झालं की हेडफोन लावायचा आणि त्या टोकाला माणसाचा आवाज येतोय का ते आपल्या कानानं ऐकायचं.

“हा तुमचा ‘वाजला’ आहे ना, तो काय ऐकून लिहितो?”

भाचीनं मान हलवली. “ऐकून नाही. आज्ञा पोचली आणि पेटीनं कर्ण्याला सांगितलं, एवढ्यावर चौकोन हिरवा होतो.”

“म्हणजे निरोप्या म्हणतो मी निरोप दिला. पलीकडच्यानं तो ऐकला का, ते निरोप्याला ठाऊक नाही.” आत्या खुर्ची ओढून जवळ सरकली. “बरं, पेट्यांना आणखी काय विचारता येतं? कधीपासून जागी आहे हे सांगते का?”

“सांगते की.”

डाव्या तीरावरच्या पेट्या सरावाच्या शेवटापासून जाग्या होत्या. ते अपेक्षितच होतं, रीस्टार्टची आज्ञा तेव्हाच गेली होती. भाचीनं सहज म्हणून उजव्या तीराची यादी उघडली आणि तिची बोटं तिथंच थबकली.

“आत्या, ह्या अपडेटच्या दिवसापासून जाग्या असायला हव्यात. पण ह्या त्यानंतर उठल्यात. सरावाच्या आदल्या दिवशी.”

“कुणी उठवल्या?”

भाचीनं नोंदी वर-खाली केल्या. “कुणीच नाही. उजव्या तीराला कुणी रीस्टार्टची आज्ञाच दिलेली नाही.”

३

मुकादम उजव्या तीरावर एका खांबाखाली उभा होता आणि रागानं धुमसत होता. खांबांवरची सगळी माणसं त्याच्या हाताखाली.

“तुम्ही पण बुचाचंच विचारायला आलात ना? विचारा! सगळी कचेरी विचारून गेली.”

“कसलं बूच?” आत्यानं विचारलं.

त्यानं खिशातून अंगठ्याएवढी काळी खुंटी काढली. अपडेट कचेरीतून तारेनं येतं, पण नवं फर्मवेअर चढून पेटी पहिल्यांदा सुरू होताना भोंगा एकदा जोरात ओरडतो, नुसत्या रीस्टार्टला नाही. लोक तक्रारी करत. म्हणून अपडेटच्या वेळी मुकादमाचा माणूस शिडीनं वर चढायचा, पेटीत बूच खुपसायचा, पेटी सुरू झाली की काढून घ्यायचा. बूच आहे तोवर भोंगा मुका.

“आता म्हणतात, डाव्या तीरावर माझी माणसं बुचं विसरली. अहो, बघा हे.” त्यानं बुचाला बांधलेली तांबडी दोरी दाखवली. दोरीचं दुसरं टोक त्याच्या पट्ट्यात अडकवलं होतं. “प्रत्येकाच्या पट्ट्याला एक. बूच वर विसरायचं तर माणूसही वरच विसरावा लागेल. आणि माझी माणसं रोज जेवायला खाली येतात.”

आत्या हसली. “पटलं. आणि सरावानंतर बुचं न काढताच भोंगे वाजले, म्हणजे ती तिथं नव्हतीच. मला दुसरंच सांगा. सरावाच्या आदल्या दिवशी इकडे काही घडलं होतं का?”

“इकडे? छे. माझी माणसं डाव्या तीरावर होती, खांब रंगवत.”

खांबाला लागूनच एका शिंपिणीचं दुकान होतं. तिनं शिलाई मशीन थांबवून मान बाहेर काढली.

“घडलं नाही कसं? लाइट गेली होती ना! ट्रान्सफॉर्मर बदलायला आले नि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसले. माझा गिऱ्हाइकाचा कोट इस्त्रीविना राहिला. त्या बाई लग्नाला चुरगळलेल्या कोटात गेल्या, अजून बोलत नाहीत माझ्याशी.”

“तुमच्याकडेच गेली की पलीकडेही?”

“आमच्याच तीराला. पलीकडचे दिवे आम्हाला वाकुल्या दाखवत होते.”

“पण भोंग्यांना बॅटऱ्या असतील,” आत्या मुकादमाकडे वळली.

“असतात. म्हाताऱ्या झाल्यात. घटकाभरात मान टाकतात. नव्या द्या म्हणून साहेबांना सांगून माझी जीभ झिजली.”

आत्या पाण्याकडे बघत राहिली. पलीकडे नव्यानं रंगवलेले खांब उन्हात चमकत होते. भाचीला तिची ही नजर लहानपणापासून ठाऊक होती. अशा वेळी तिला हाक मारायची नसते.

“पोरी,” ती जरा वेळानं म्हणाली, “हे भोंगे त्या दिवशी वाजले, कारण ते आदल्या दिवशी एकदा मरून उठले होते. मुकादम, तुमचं एक बूच उसनं द्याल का?”

“दोरीसकट देतो,” मुकादम म्हणाला. “नाहीतर तुम्हीही विसरलात म्हणतील.”

४

खोलीत परतल्यावर भाचीनं टेबलावरच्या पेटीत पुन्हा जुनं फर्मवेअर घातलं. ह्या वेळी आत्यानं बूच खुपसलं. नवं पॅकेज चढलं, पेटी पुन्हा सुरू झाली. आत्यानं बूच काढून दोरीसकट बाजूला ठेवलं, जसं मुकादमाची माणसं करतात अगदी तसं.

“दे आज्ञा.”

भाचीनं आज्ञा दिली. पडद्यावर हिरवा चौकोन आला, ‘वाजला’. पिवळा दिवा मात्र काळाठिक्कर.

पुन्हा आज्ञा. पुन्हा ‘वाजला’. पुन्हा अंधार.

“आता रीस्टार्ट.”

पेटी उठली, आज्ञा गेली, दिवा लख्ख.

भाची खुर्चीत मागे रेलली. “नवं फर्मवेअर बूच फक्त सुरू होतानाच बघतं. तेव्हा लावलेलं दिसलं की स्वतःला मुकं समजतं, ते पुन्हा सुरू होईपर्यंत. मागाहून बूच काढलं तरी त्याला पत्ताच नाही. जुनं सारखं बघत राहायचं.” तिचा आवाज चढला. “आणि माझ्या टेबलावर बूच कधी नव्हतंच! इथं भोंगाच नाही, तर त्याचं तोंड कशाला बंद करायचं? म्हणूनच मी साहेबांना म्हटलं होतं, सही करण्याआधी मला एक खरा खांब द्या. ते म्हणाले, खांबावरची चाचणी पुरवठादारानं केलीय, पास झालीय.”

“पुरवठादाराचा माणूस आहे का इथं?”

होता. त्याला सगळे ‘टाय’ म्हणत, कारण तो भर उन्हातही टाय बांधून येई. दार लावून आत बसवल्यावर त्यानं काळ्या दिव्याकडे पाहिलं आणि गाठ सैल केली.

“बूच सुरुवातीलाच वाचायचं आम्ही मुद्दाम केलं,” तो म्हणाला. “ढिलं बूच हललं की काम चालू असतानाच भोंगा किंचाळायचा. तुमच्याच माणसांच्या तक्रारी होत्या.”

“आणि हा बदल मला कळवला कुणी?” भाचीनं विचारलं.

“‘किरकोळ सुधारणा’ असं लिहिलं होतं ना.”

“लिहिणाऱ्याचं कौतुक आहे,” आत्या म्हणाली. “ती खांबावरची चाचणी. भोंगा वाजला?”

“वाजला.”

“पहिल्या आज्ञेला?”

टायनं समोरचा पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, पुन्हा ठेवला. “पहिल्या… पहिल्यांदा नाही. रीस्टार्ट केला, मग वाजला. साहेब म्हणाले, एखाद्या पेटीचा हट्ट असतो, लिहा पास. सरावाची तारीख जाहीर झाली होती, पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती.”

“तिथं तुम्ही दोघंच होतात?”

“मी आणि साहेब. पण ती रीस्टार्टची आज्ञा मी नाही दिली! आईशप्पथ. मला तो अधिकारच नाही. तो फक्त पडताळणीच्या चावीला आहे.”

दोघंही भाचीकडे बघू लागले. तिच्या गळ्यात पट्टीला अडकवलेली बोटाएवढी चावी होती. ती यंत्राला लावली की यंत्र तिला ओळखतं.

“सरावाच्या वेळी ही इथंच होती, माझ्या गळ्यात,” ती म्हणाली.

“अशी आणखी एक आहे?” आत्यानं हळूच विचारलं.

भाचीचा हात गळ्यातल्या चावीवर गेला.

“सगळ्यांची जादा चावी असते. कुणी रजेवर गेलं तर काम अडू नये म्हणून. साहेबांच्या कपाटात.”

५

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला अध्यक्षबाई, शेजारी साहेब. साहेब मृदू आवाजाचे गृहस्थ. त्यांना कुणी ओरडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन भाचीपुढे सरकवलं.

“बाळ, मी तुझ्या वडिलांसारखा. एवढी सही कर, पुढचं मी बघतो.”

“तिला वडील आहेत,” आत्या म्हणाली. “घरी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन बसलेत.”

भाचीनं पर्समधला कागद काढून उलगडला. सहीची रेघ कोरी होती. “मी सही करणार नाही. मी केलंय त्याच्यावर सही करते, न केलेल्यावर नाही.”

“म्हणजे बडतर्फी,” साहेब खेदानं म्हणाले.

“आधी दिवा बघा, मग काय ते करा.”

टेबलावर पेटी मांडली होतीच. बूच, अपडेट, बूच काढलं, आज्ञा. हिरवा चौकोन आणि काळा दिवा अध्यक्षबाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. मुकादमानं कोपऱ्यातून “बघा, दोरीसकट!” एवढंच म्हटलं.

“म्हणजे पॅकेजमध्येच खोट होती,” साहेब लगेच म्हणाले. “आणि ती हिच्या तपासणीत सुटली. आणि ती झाकायला हिनंच रीस्टार्ट दिला. उलट सिद्धच झालं की.”

“तिथंच अडतंय,” आत्या म्हणाली. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. “रीस्टार्ट कुणी दिला? ज्याला भोंगे मुके आहेत हे ठाऊक होतं, त्यानं. होय ना?”

“अर्थात,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“ही पोरगी पॅनेलसमोर होती. पॅनेल हिरवं होतं, सगळे टाळ्या पिटत होते. मुकेपणाची पहिली बातमी फोननं आली, आणि आज्ञेची नोंद फोनच्या नोंदीच्या आधीची आहे. दोन्ही तुमच्यापुढे आहेत. फोन यायच्या आधी ह्या कचेरीत कुणालाही काही कळणं शक्य नव्हतं. भोंगे मुके आहेत हे कळायला कान डाव्या तीरावर हवे होते.”

अध्यक्षबाईंनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या.

“डाव्या तीरावर तर हजारो कान होते,” साहेब म्हणाले. “पाहुणे होते, गाव होतं.”

“होते. पण त्यांच्यातल्या कुणाला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता तार तुटली असेल, कर्णा बिघडला असेल, माणूस वर चढवा. तिथं उभ्या असलेल्या एकाला मात्र माणूस चढवावासा वाटला नाही. त्यानं लगेच रीस्टार्ट दिला. औषध त्याला आधीपासून माहीत होतं. ते औषध एकाच खांबावर, एकदाच दिलं गेलं होतं, आणि तेव्हा दोनच माणसं हजर होती.” तिनं टायकडे मान वळवली. “ह्यातले एक. सरावाच्या वेळी हे कुठं होते?”

“पॅनेलसमोर,” भाची म्हणाली. “सगळ्यांत जोरात टाळ्या ह्यांच्याच होत्या.”

टायनं मान खाली घातली, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

“आणि पाहुण्यांना घेऊन डाव्या तीरावर कोण उभं होतं, साहेब? हिच्या नावाची जादा चावी कुणाच्या कपाटात असते?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.

“कपाटातली चावी बाहेर का नेली होतीत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“पाहुण्यांना टॅबवर सगळं दाखवायचं होतं,” साहेब म्हणाले. आवाज अजून मृदूच होता, फक्त कोरडा पडला होता. “पडताळणीच्या चावीनं सगळी पानं उघडतात. हाताला आली ती घेतली. मग भोंगे वाजेनात… मी काय करायला हवं होतं? भोंगे वाजावेत म्हणूनच केलं मी ते! वाईट हेतू नव्हता.”

“तेवढं बरोबर केलंत,” आत्या म्हणाली. “पण दुसऱ्या दिवशी हिच्यापुढे हा कागद ठेवलात, तेव्हा कुठला भोंगा वाजवायचा होता?”

६

साहेबांना रजेवर पाठवलं गेलं. अध्यक्षबाईंनी भाचीला आणि आत्याला खोलीत ठेवून घेतलं आणि दार लोटलं.

“तुमच्यावरचा आरोप गेला. पुरवठादार सुधारलेलं पॅकेज उद्याच देतोय. धरण भरत आलंय, तेव्हा लवकर सही करून सोडा. बाहेर आपण ‘तांत्रिक बिघाड, दुरुस्त केला’ एवढंच सांगू.”

“नाही,” भाची म्हणाली.

“आता आणखी काय हवंय?”

“खरा खांब. बूच लावून, काढून, वाजवून. एक नाही, सगळे. आणि वाजवायच्या आधी डाव्या तीराला सांगायचं, की आठवडाभर तुमचे भोंगे मुके होते आणि आम्हाला कळलं नाही.”

“घबराट होईल हो.”

“थोडी व्हायलाच हवी. ती माणसं आमच्या भरवशावर झोपली होती.”

“मी आदेश काढू शकते.”

“काढा. पॅकेज सोडायला सही माझी लागते. आदेशावर दिवा पेटत नाही, बाई.”

अध्यक्षबाईंनी लोटलेलं दार उघडलं. मग आत्याकडे वळल्या. “ही तुमच्यावर गेलीय.”

“नाही हो,” आत्या म्हणाली. “मी इतकी अडून कधी बसले नव्हते. बसायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या तीरावर सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. अध्यक्षबाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि जे सांगायचं ते सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मग एकदम कल्लोळ झाला.

“म्हणजे त्या आठवड्यात पाणी सुटलं असतं तर?” कडेवर मूल घेतलेल्या एका माणसानं विचारलं.

भाची पुढे झाली.

“तर तुम्हाला कळलं नसतं,” ती म्हणाली. “मी उजव्या तीरावर राहते. आमचे भोंगेही मुकेच होते, लाइट जाऊन आली म्हणून बोलते झाले. आज तुम्ही स्वतः ऐका. पॅनेल हिरवं झालं म्हणून मी मान्य करणार नाही. तुम्ही हात वर केलेत की करीन.”

मुकादमाचा माणूस शिडीवर चढला. बूच लागलं, अपडेट आलं, पेटी उठली, बूच दोरीसकट खाली आलं. भाचीनं आज्ञा दिली.

भोंगा असा काही फुटला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कडेवरचं मूल भोकाड पसरून रडायला लागलं, माणसांनी कान झाकले आणि मग, एका हातानं कान झाकून, दुसरा वर केला. आत्यानं कान झाकले नाहीत. तिला ऐकायचं होतं.

आवाज विरल्यावर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एक म्हातारे गृहस्थ वैतागून ओरडले, “कळलं हो कळलं! वाजतोय! आता पुरे करा!”

“तुम्हाला कळलं, आजोबा,” भाची शिडीचं एक टोक स्वतःच उचलत म्हणाली. “पुढच्या खांबाखालच्यांना अजून कळायचंय.”

आणि ती शिडी घेऊन पुढे निघाली. मागून सगळी गल्ली.